शेख फत्तेलाल यांची चित्रपटांतील वास्तुरचना

१. लेखाचें कारण

गेल्या वर्षीं सभासदांच्या एका बैठकींत मीं एक छायाचित्र मांडलें होतें व त्यावर एक छोटेंसें टिपणही वाचलें होतें. तें छायाचित्र मला एका स्नेही संग्राहकांनीं दिलें होतें. जुन्या कागदांच्या एका रुमालांत तें त्यांना मिळालें; पाठीवर शाईनें ‘पेशवाईंतील वाडा’ एवढींच अक्षरें होतीं. चित्रांत एक चौक, त्याच्या तीन बाजूंस ओसऱ्या, सुरूचे खांब, खांबांवर केळफुलें आणि त्यांना जोडणाऱ्या नक्षीदार महिरपी दिसत होत्या. खांबांच्या घडणीवरून वाडा सवाई माधवरावांच्या अमदानींतील असावा, आणि तो पडण्यापूर्वीं कोणा हौशी छायाचित्रकारानें हें चित्र घेतलें असावें, असें अनुमान मीं टिपणांत केलें होतें. तें अनुमान सर्वस्वीं चुकीचें होतें, व तें मी या लेखानें मागें घेत आहें.

चूक दाखविली ती कोणा पंडितानें नव्हे. बैठक संपल्यावर माझा एक जुना विद्यार्थी, जो आज सुतारकामाचे ठेके घेतो, चित्र हातांत घेऊन बराच वेळ उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “गुरुजी, रागावणार नसाल तर एक विचारतों. या मधल्या खांबाला सावल्या दोन कशा?” मीं पुन्हां पाहिलें. सावल्या खरोखरच दोन होत्या, आणि त्या दोन निराळ्या दिशांना गेल्या होत्या. सूर्य एकच असतांना उघड्या चौकांत हें संभवत नाहीं. मग त्यानेंच आणखी एक गोष्ट दाखविली. डावीकडील केळफुलाची एक पाकळी जेथें तुटली होती, नेमकी तेथेंच उजवीकडील केळफुलाचीही तुटली होती. दोन्ही एकाच साच्यांतून काढलेलीं होतीं. वाडा लांकडाचा नव्हता, पेशवाईंतला नव्हता, आणि वाडाही नव्हता. तो चित्रपटासाठीं उभा केलेला देखावा होता.

चूक कबूल करून थांबणें पुरेसें नाहीं. असलीं छायाचित्रें आज पुष्कळांच्या संग्रहीं येत आहेत, आणि त्यांचे कर्ते कोण, त्यांची कामाची रीत कोणती, हें आपणां कागदपत्रांच्या उपासकांना बहुधा ठाऊक नसतें. म्हणून या धंद्याची माहिती, महाराष्ट्रांत तो ज्यांनीं नांवारूपास आणला त्या शेख फत्तेलाल यांच्या चरित्राच्या अनुरोधानें, येथें देण्याचें योजिलें आहे.

२. शब्दविचार

चित्रपटांतील घरें, रस्ते, मंदिरें व राजवाडे यांची योजना करणाऱ्यास मराठींत कलादिग्दर्शक किंवा नेपथ्यकार म्हणतात. यांपैकीं दुसऱ्या शब्दाचा अर्थ मध्यंतरीं पालटला आहे. संस्कृत नाटकांत नेपथ्य म्हणजे वेषभूषा, आणि जेथें ती करावयाची ती पडद्यामागील जागा. शाकुंतलाच्या प्रस्तावनेंत सूत्रधार नटीला नेपथ्यविधान आटोपलें असेल तर बाहेर ये असें सांगतो, तेथें त्याच्या मनांत भिंती किंवा खांब नाहींत. तिचा साजशृंगार आहे. देखाव्याला नेपथ्य म्हणण्याचा प्रघात अर्वाचीन आहे.

तथापि वस्तु नवी असली तरी तिचा विचार जुना आहे. भरतानें आहार्याभिनयाचे चार प्रकार सांगितले: पुस्त, अलंकार, अंगरचना आणि सज्जीव. पैकीं पुस्त म्हणजे पर्वत, वाहन, विमान, ध्वज इत्यादि वस्तूंच्या बनविलेल्या प्रतिकृति. तिचेही तीन भेद आहेत. चटया, वस्त्र, चामडें वगैरे जोडून केलेली ती संधिम, यंत्राच्या योगानें हलणारी ती व्याजिम, आणि वस्त्रादिकांनीं वेढून केलेली ती वेष्टिम. खरे प्रासाद व खरीं वाहनें रंगभूमीवर आणणें शक्य नाहीं, म्हणून त्यांचें अनुकरण करावें. आणि जड पदार्थांनीं नट थकतात, म्हणून हलके पदार्थ वापरावे, असा त्याचा व्यवहारी उपदेश आहे. चित्रपटाच्या कारखान्यांत लांकडी चौकटीवर गोणपाट ताणून केलेली भिंत ही संधिमच होय. कापड व गिलावा गुंडाळून केलेलें झाडाचें खोड हें वेष्टिम. आणि ‘संत ज्ञानेश्वर’ चित्रपटांत चांगदेवाच्या भेटीस जी भिंत चालत जाते ती व्याजिम.

पाश्चात्त्य देशांत या कामाला स्वतंत्र मान मिळण्यास बराच काळ लागला. अमेरिकेंत ‘गॉन विथ द विंड’ (इ. स. १९३९) या चित्रपटासाठीं विल्यम कॅमेरॉन मेंझीस यांस निर्माते सेल्झनिक यांनीं ‘प्रॉडक्शन डिझायनर’ असें पद दिलें, तेव्हांपासून तें नांव रूढ झालें. केवळ भिंती उभारणारा नव्हे, तर चित्रपट डोळ्यांना आदीपासून अंतापर्यंत कसा दिसावा हें ठरविणारा, असा त्या पदाचा अर्थ आहे. हा अर्थ घेतला तर पुण्यांत फत्तेलाल हे तेंच काम त्यापूर्वींच कित्येक वर्षें साध्या नांवाखालीं करीत होते असें म्हणावें लागतें.

३. पडद्यापासून भिंतीपर्यंत

आपल्याकडील चित्रपटाचा देखावा नाटकाच्या पडद्यांतून निघाला. दादासाहेब फाळके यांनीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व बडोद्याच्या कलाभवनांत शिक्षण घेतलें होतें, आणि त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) चित्रपटांत रंगविलेले पडदे आहेत. नाटकगृहांत हे पडदे शोभत. तेथें प्रेक्षक एका जागीं बसलेला असतो आणि पडद्यावर काढलेली महालाची लांबी त्याच्या एका दृष्टिकोनाला जुळवून घेतलेली असते. कॅमेरा मात्र जागा बदलतो. तो दोन हात बाजूला सरला कीं पडद्यावरील खांबांची रांग खोटी पडते. शिवाय नटाची सावली पडद्यावर चढली कीं दूरचें अरण्य क्षणांत भिंतीला टेकतें.

ही अडचण ओळखून तिचा निरास करण्याचें श्रेय मुख्यतः कोल्हापूरला आहे. आनंदराव व बाबूराव मेस्त्री हे चुलतबंधु नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यांत नामांकित होते. त्यावरूनच त्यांना पेंटर हें उपनांव पडलें. चलच्चित्राचा ध्यास दोघांनाही होता. आनंदराव इ. स. १९१६ मध्यें वारले. बाबूरावांनीं (१८९०–१९५४) कोल्हापुरांतच कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्यें ‘सैरंध्री’ हा चित्रपट लोकांपुढें आणला. पडद्याच्या जागीं त्यांनीं तिन्ही मितींचा, म्हणजे लांबी, रुंदी व खोली असलेला देखावा आणला. ‘सिंहगड’ (१९२३) मध्यें त्यांनीं कृत्रिम प्रकाश वापरला, आणि ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्यें गरीब शेतकऱ्याची उजाड झोंपडी अशी दाखविली कीं ती पाहतांच कर्जाचें ओझें समजावें.

बाबूरावांच्या हाताखालीं जे तरुण तयार झाले त्यांत विष्णुपंत दामले, व्ही. शांताराम आणि शेख फत्तेलाल हे होते. कोल्हापूरच्या या शाळेंत विषयांची वांटणी नव्हती. सुतारकाम, रंगकाम, मूर्तिकाम, कॅमेरा चालविणें, फिल्म धुणें, वेळ पडल्यास तोंडाला रंग लावून उभें राहणें, हें सर्व सर्वांना करावें लागे.

४. फत्तेलाल यांचें पूर्वचरित्र

शेख फत्तेलाल यांचा जन्म इ. स. १८८६ मध्यें कोल्हापूरनजीकच्या कागल येथें झाला. चित्रकलेच्या ओढीनें ते पेंटर बंधूंच्या सान्निध्यांत आले व पडदे रंगवितां रंगवितां चित्रपटाच्या धंद्यांत शिरले. लोक त्यांना साहेबमामा म्हणत. दामले यांच्याशीं त्यांची जोडी महाराष्ट्र फिल्म कंपनींतच जमली. ‘महारथी कर्ण’ (१९२८) हा मूकपट दोघांनीं मिळून दिग्दर्शित केला. ही जोडी दामले यांच्या निधनापर्यंत (१९४५) टिकली. एक चित्पावन ब्राह्मण व एक मुसलमान यांच्या नांवांमधलें जोडचिन्ह श्रेयनामावलींत वाचण्याची महाराष्ट्राला इतकी संवय झाली कीं पुष्कळांना तें एकाच माणसाचें नांव वाटे.

दिनांक १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर व सीतारामपंत कुळकर्णी हे तिचे पांच भागीदार. कामाची वांटणी येथें स्पष्ट झाली. दामले यांच्याकडे यंत्रें व पुढें ध्वनिलेखन आलें, आणि देखाव्यांचा सर्व भार फत्तेलाल यांनीं उचलला. १९३३ मध्यें कंपनी पुण्यास आली.

मूकपटाच्या काळांतील देखावाकाराची एक अडचण आज सहसा ध्यानांत येत नाहीं. त्या वेळच्या पुष्कळशा फिल्मला तांबडा रंग काळा दिसे आणि निळा रंग जवळजवळ पांढरा. तांबडी पैठणी चित्रांत शोकवस्त्रासारखी दिसे, व निळें आकाश कोऱ्या कागदासारखें. म्हणून भिंतीला रंग देतांना तो डोळ्यांना कसा दिसतो याचा विचार व्यर्थ होता. फिल्मच्या करड्या श्रेणींत तो कोठें बसेल हें पाहावें लागे. प्रकाशही सूर्याचाच असे. देखावे उघड्यावर किंवा कांचेच्या छपराखालीं मांडीत, आणि वर पांढरें कापड ताणून ऊन मऊ करीत. ज्याला वारा सुटला कीं भिंत हलेल आणि ढग आला कीं चित्र थांबेल, अशा वास्तूवर फत्तेलाल यांचा हात बसला होता.

बोलपट आल्यावर हें सारें बदललें. १९३२ मध्यें प्रभातनें ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला. आतां बाहेरचा आवाज नको म्हणून चित्रण बंद दालनांत आलें, तेथें विजेचे दिवे आले, आणि दिव्यांना जागा हवी म्हणून खोल्यांचें छत गेलें. कठीण भिंतीवरून आवाज परतून घुमतो, म्हणून आवाज शोषणाऱ्या पदार्थांची निवड करावी लागली. दगडी दिसणारी पण दगडासारखी न घुमणारी भिंत कशी करावी, हा प्रश्न विश्वकर्म्यालाही पडला नसेल. फत्तेलाल यांना तो रोज पडे.

५. तीन प्रकारचे देखावे

फत्तेलाल यांच्या प्रभातमधील कार्याचे विषयानुसार तीन वर्ग पाडतां येतात, आणि इतिहासाच्या दृष्टीनें ते वेगळे ठेवणें अगत्याचें आहे.

पहिला वर्ग कल्पित किंवा पौराणिक जगाचा. ‘मायामच्छिंद्र’ (१९३२) मधील स्त्रीराज्य व ‘अमृतमंथन’ (१९३४) मधील चंडिकेचें देवालय हीं त्याचीं ठळक उदाहरणें. ‘अमृतमंथन’ हा पुण्याच्या कारखान्यांतील पहिला चित्रपट. धर्माच्या नांवानें चाललेली बलिप्रथा व ती बंद करूं पाहणारा राजा असा त्याचा विषय आहे. येथील वास्तूला इतिहासाचा आधार नाहीं व असण्याचें कारणही नाहीं. उंच खांब, खोल अंधार आणि त्यांत वेंचून टाकलेला प्रकाश, एवढ्यांतून राजगुरूची सत्ता आणि भय प्रतीत होतें. चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन भाषांत निघाला. नट बदलले, देखावे तेच राहिले. वास्तूला भाषा नसते, हा त्यांतला व्यवहारी फायदा.

दुसरा वर्ग समकालीन घरांचा. ‘कुंकू’ (१९३७) मध्यें एका वृद्ध वकिलाशीं लग्न लागलेल्या तरुण मुलीची कथा आहे. तें घर, भिंतीवरील घड्याळ, आरसा, यांतून म्हातारपण आणि कोंडमारा दोन्ही दिसतात. या चित्रपटांत पार्श्वसंगीत वापरलेलें नाहीं. घरांतील आवाजच ऐकूं येतात. अर्थात् घर जितकें खरें वाटेल तितकीच कथा खरी वाटणार होती. ‘माणूस’ (१९३९) मधील वेश्यावस्ती आणि ‘शेजारी’ (१९४१) मधील हिंदु-मुसलमान स्नेह्यांचें गांव हींही याच वर्गांत पडतात. पैकीं ‘शेजारी’च्या शेवटीं फुटणारें धरण हें त्या काळच्या प्रतिकृति-कौशल्याचें उदाहरण म्हणून आजही पाहण्यासारखें आहे.

तिसरा वर्ग संतांचा व इतिहासाचा. ‘संत तुकाराम’ (१९३६) हा त्यांतील शिरोमणि. त्याचें दिग्दर्शन दामले व फत्तेलाल यांनीं मिळून केलें, आणि कलादिग्दर्शनही फत्तेलाल यांचेंच. मुंबईस तो एका चित्रगृहांत वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ मध्यें व्हेनिस येथील महोत्सवांत त्याची विशेष शिफारस झाली. देहूचें दरिद्री घर, जिजाईची म्हैस, विठ्ठलाचें देऊळ, इंद्रायणीचा कांठ, हें सर्व इतक्या साधेपणानें मांडलें आहे कीं कोणी मांडलें आहे असें वाटतच नाहीं. शेवटीं पुष्पक विमान येतें तेंही त्या अंगणांत आगंतुक वाटत नाहीं, कारण अंगणावर आपला विश्वास आधींच बसलेला असतो. पुढें ‘गोपाळकृष्ण’ (१९३८) व ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) हे चित्रपट या जोडीनें दिले, आणि प्रभातची भरभराट ओसरल्यावर फत्तेलाल यांनीं ‘जगद्गुरु शंकराचार्य’ (१९५५) हा चित्रपट दिग्दर्शित केला. कागलच्या या मुसलमान चित्रकारानें वारकऱ्यांचें अंगण आणि अद्वैताचार्यांचें चरित्र सारख्याच आस्थेनें उभें केलें, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. ते १९६४ मध्यें निवर्तले.

६. देखावा हा कोणत्या काळाचा पुरावा?

आतां मुख्य मुद्याकडे येऊं. ‘संत तुकारामा’तील यशानें इतिहासाभ्यासकांपुढें एक विलक्षण अडचण उभी केली आहे. तुकोबांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस यांची मुद्रा लोकांच्या मनांत अशी ठसली कीं तुकोबांचें चित्र म्हणून घरोघरीं तीच पूजिली जाऊं लागली. त्याहून आपणांस अधिक बोध करणारी गोष्ट पद्याची आहे. त्या चित्रपटासाठीं शांताराम आठवले यांनीं रचलेला एक अभंग तुकोबांचाच समजून पुष्कळांनीं तो गाथेंत शोधिला. जो गाथेचें नित्य पठण करितो त्यालाही संशय येऊं नये अशी ती रचना साधली होती. आठवले यांनीं कोणाला फसविलें नव्हतें. त्यांचें नांव जाहीर होतें. लोकांनींच तें विसरून अभंग जवळ केला.

अभंगाचें जें झालें तेंच अंगणाचें झालें. देहूचें घर डोळ्यांपुढें आणा असें म्हटलें कीं आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें जें येतें तें सतराव्या शतकांतील घर नसून पुण्याच्या कारखान्यांतील देखावा असतो. अभंगाची परीक्षा करण्यास आपल्याजवळ पोथ्या आहेत. अंगणाची परीक्षा करण्यास तशी पोथी नाहीं. म्हणून तेथें अधिक सावध राहिलें पाहिजे.

याचा अर्थ देखावा निरुपयोगी आहे असा मात्र नव्हे. बखरींच्या बाबतींत आपण जी कसोटी लावितों तीच येथें लावावी. एखादी बखर ज्या घटनेनंतर शंभर वर्षांनीं लिहिली गेली त्या घटनेविषयीं तिची साक्ष लंगडी असते; पण ती ज्या काळीं लिहिली गेली त्या काळची भाषा, समजुती व अभिमान यांविषयीं तिची साक्ष प्रथम प्रतीची असते. देखाव्याचेंही तसेंच आहे. ‘संत तुकाराम’ हा १६४० चा पुरावा नाहीं. १९३६ सालीं महाराष्ट्र आपल्या संतांचें घर कसें कल्पीत होता याचा तो पुरावा आहे. उलट ‘कुंकू’ मधील घर हें १९३७ च्या मध्यमवर्गीय घराचा बराचसा विश्वसनीय दाखला आहे, कारण प्रेक्षक तशाच घरांतून उठून चित्रपटाला आला होता आणि त्याला फसवितां येण्यासारखें नव्हतें. जो देखावा आपणांस सर्वांत रुक्ष व ओळखीचा वाटतो तोच पुराव्याच्या दृष्टीनें मोलाचा ठरतो, आणि जो सर्वांत भव्य तो सर्वांत कमी मोलाचा. मीं टिपण लिहितांना हा क्रम नेमका उलटा धरला होता.

७. ओळखण्याच्या खुणा

संग्राहकांच्या सोयीसाठीं, ज्या खुणांवरून अशीं छायाचित्रें ओळखतां येतात त्या येथें एकत्र देतों. यांतील एकच खूण निर्णायक मानूं नये. दोन-तीन जुळल्यास संशय बळकट होतो.

प्रथम सावल्या पाहाव्या. एका वस्तूला दोन दिशांच्या सावल्या असल्यास प्रकाश दिव्यांचा आहे. दुसरें, ज्या खोलीला छप्पर असावयास हवें तिच्या भिंतीवर वरच्या बाजूनें प्रकाश पडलेला असल्यास तेथें छप्पर नाहीं. तिसरें, नक्षीची पुनरुक्ति. लांकूड कोरणाऱ्या कारागिराच्या हातची दोन फुलें तंतोतंत सारखीं निघत नाहींत. साच्यांतून ओतलेलीं निघतात, आणि साच्यांतील दोषही प्रत्येक फुलांत उतरतो. चौथें, खांबाचा पाय. खरा लांकडी खांब ओल लागूं नये म्हणून दगडी तळखड्यावर बसवितात; देखाव्यांतील खांब पुष्कळदां सरळ जमिनींतून उगवलेला असतो, कारण त्याला भार घ्यावयाचा नसतो. पांचवें, झीज. खऱ्या घराचा उंबरा मध्यें झिजतो, भिंत पाठी टेकण्याच्या उंचीवर मळते, दिव्याच्या कोनाड्यावर काजळी चढते. चांगला कलादिग्दर्शक हें सर्व रंगानें करतो, पण कॅमेऱ्याला दिसणार तेवढेंच. सहावें, चौथी भिंत. चौकाच्या तीनच बाजू दिसत असतील व छायाचित्र घेणारा चौथ्या भिंतीच्या जागीं उभा असल्यासारखा वाटेल, तर ती भिंत मुळांतच नसण्याचा संभव आहे. शेवटीं, कित्येकदां चित्राच्या कोपऱ्यांत बारीक आंकडा आढळतो. तो संग्राहकाचा नसून प्रसिद्धीच्या छायाचित्रांचा क्रमांक असूं शकतो.

माझ्या चित्रांत या सातांपैकीं पांच खुणा होत्या. त्या दिसूनही दिसल्या नाहींत, कारण पाठीवरील दोन शब्द मीं आधीं वाचले आणि चित्र मागाहून पाहिलें. हस्तलिखिताची पुष्पिका आधीं वाचून मग पोथीचा काळ ठरवूं नये, हा नियम मीं विद्यार्थ्यांना शिकविला आहे. चित्राच्या बाबतींत तो मीच मोडला.

८. उरलेले अवशेष व विनंति

वास्तुकारांत कलादिग्दर्शकाचें नशीब सर्वांत निराळें. त्याचें काम पुरें झालें कीं तें पाडण्यांत येतें. एका चित्रपटांतील राजवाड्याचीं फळकुटें दुसऱ्यांत झोंपडीला लागतात, खांबांना नवा रंग चढतो, आणि मूळ रचनेचा मागमूसही राहत नाहीं. उरते ती फिल्म, कांहीं छायाचित्रें, आणि असल्यास आराखडे व हिशेब.

यांतील फिल्मचाही भरंवसा नाहीं. इ. स. १९५० च्या सुमारापर्यंत वापरांत असलेली नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही असते व काळानें आपोआपही कुजते. प्रभात कंपनी १९५३ मध्यें बंद पडली. तिच्या जागेंत १९६० मध्यें चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था निघाली, आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्यें पुण्यांत स्थापन झालें. संग्रहालयामुळें पुष्कळ वांचलें. तरीही २००३ च्या जानेवारींत लागलेल्या आगींत जुन्या नायट्रेट फिल्मची मोठी हानि झाली. पोथी वाळवी खाते, तरी पानांचे तुकडे उरतात. नायट्रेट पेटली कीं राखच उरते.

कागदांचें मोल म्हणूनच वाढलें आहे. देखाव्याचा आराखडा, रंगाची यादी, सुताराचें बिल, गोणपाट व लांकूड यांचा जमाखर्च, शाईनें खुणा केलेलें छायाचित्र, हे सर्व त्या नाहींशा झालेल्या वास्तूंचे दस्तऐवज होत. कोल्हापूर, कागल व पुणें येथील ज्यांच्या घरांत या धंद्यांतील वडीलधाऱ्यांच्या पेट्या असतील त्यांनीं त्या रद्दींत देण्यापूर्वीं एकवार उघडून पाहाव्या. पेशव्यांच्या दप्तरांतील तेलमिठाच्या यादीवरून आपण त्या काळचे बाजारभाव काढितों. मग ज्या सुताराच्या बिलावरून ‘अमृतमंथना’चा खांब किती उंच होता हें कळेल तें बिल आपणांस हलकें कां वाटावें?

आणखी एक विनंति. छायाचित्र कोणाकडून, कोणत्या सालीं व कोणत्या कागदांबरोबर मिळालें, हें संग्राहकांनीं निराळ्या कागदावर लिहून चित्राबरोबर ठेवावें. पाठीवर अनुमान लिहूं नये. लिहिल्यास तें अनुमान आहे असें स्पष्ट म्हणावें आणि खालीं आपलें नांव घालावें. एका अज्ञात हातानें शाईनें लिहिलेल्या दोन शब्दांनीं किती घोटाळा होतो याचा दाखला वर आलाच आहे.

तें छायाचित्र मीं मूळ संग्राहकांना परत केलें आहे. पाठीवरील जुनीं अक्षरें खोडलेलीं नाहींत, कारण तींही आतां पुराव्याचाच भाग आहेत. सोबत मात्र एक चिठ्ठी जोडली आहे. तींत हा चित्रपटाचा देखावा असल्याचें, तें कोणत्या खुणांवरून ठरलें त्याचें, व प्रथम तें ओळखणाऱ्या सुताराचें नांव लिहून, खालीं माझी सही केली आहे.